भूसुरुंग शोधणारे रोपटे शेतापर्यंत का पोहोचले नाही?

जानेवारी २००४ मध्ये कोपनहेगनहून एक बातमी जगभर पसरली. डेन्मार्कमधील ‘अरेसा बायोडिटेक्शन’ या छोट्या जैवतंत्रज्ञान कंपनीने जनुकीय बदल करून एक रोपटे तयार केले होते. पुरलेल्या भूसुरुंगाच्या आसपास ते वाढले, तर हिरवे न राहता लाल होत असे. बी पेरायचे, तीन ते सहा आठवडे वाट पाहायची आणि मग शेताच्या कडेला उभे राहून नजर टाकायची. जेथे तांबडा ठिपका दिसेल तेथे सुरुंग. इतकी सोपी आणि इतकी देखणी कल्पना विज्ञानाच्या बातमीत क्वचितच येते. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी ती उचलून धरली यात नवल नाही.

त्या घोषणेला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. सुरुंग काढणाऱ्या संस्थांच्या नेहमीच्या साधनांत हे रोपटे कधीच आले नाही. खुद्द कंपनीनेही सप्टेंबर २००८ मध्ये त्यावरील काम थांबवले. प्रयोगशाळेत रोपटे लाल होत होते, त्याबद्दल फारसा वाद नव्हता. प्रश्न उरला तो हिरव्या राहिलेल्या रोपांचा. त्या हिरव्या रंगावर विसंबून एखाद्या शेतकऱ्याला ‘जा, आता नांगर घाल’ असे सांगता येईल काय?

खिळे उकरण्याचे काम

भूसुरुंग म्हटले की मराठी वाचकाला प्रथम गडचिरोली आठवते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. परंतु तो सुरुंग वेगळ्या जातीचा. रस्त्याखाली पुरायचा, दूर दबा धरून बसायचे आणि वाहन आले की उडवायचा, अशी त्याची रीत. रोपट्यांनी ज्यांचा शोध घ्यावा अशी अपेक्षा होती, ते सुरुंग कारखान्यात बनलेले, सैन्यांनी हजारोंच्या संख्येने पेरलेले आणि युद्ध संपल्यावर तेथेच राहून गेलेले. त्यांना उडवायला कोणी लागत नाही. वरून पडणारे पाऊल पुरते. ते पाऊल सैनिकाचे की गुरे वळणाऱ्या पोराचे, हे सुरुंगाला कळत नाही. तह झाल्याचेही त्याला कोणी कळवलेले नसते.

‘लँडमाइन मॉनिटर’ या वार्षिक अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भूसुरुंग आणि युद्धातील न फुटलेली स्फोटके यांमुळे जगभरात किमान ५,७५७ माणसे मारली गेली अथवा जखमी झाली. ज्यांची ओळख नोंदली गेली त्यांत ८४ टक्के सामान्य नागरिक होते. व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ मध्ये झाला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आला. दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिका मात्र नाहीत. आता तर उलटा प्रवाहही सुरू झाला आहे. रशियाच्या धास्तीने लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी २०२५ मध्ये करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. थोडक्यात, काढायच्या सुरुंगांची रास कमी होण्याची चिन्हे नाहीत.

एक सुरुंग तयार करण्यास ३ ते ३० डॉलर लागतात आणि तो काढण्यास ३०० ते १,००० डॉलर, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या हवाल्याने दिला जातो. हा सारा खर्च शोधण्याचा आहे. सापडलेला सुरुंग जागच्या जागी उडवून देणे तुलनेने सोपे. पण तो सापडेपर्यंत सुरुंग काढणारा माणूस छातीवर जाड कवच आणि तोंडावर पारदर्शक ढाल बांधून गुडघ्यांवर बसतो, धातुशोधक यंत्र जमिनीवरून इकडून तिकडे फिरवतो, आवाज आला की सळईने तिरक्या दिशेने माती टोचत, बोटाएवढी माती बाजूला करत पुढे सरकतो. आधुनिक सुरुंगाचे कवच प्लॅस्टिकचे असते. धातू असतो तो आतल्या चापात, कधी कधी जेमतेम ग्रॅमभर. तेवढा धातू ओळखायचा तर यंत्र अतिशय संवेदनशील ठेवावे लागते. मग ते खिळ्यालाही बोंबलते, पत्र्याच्या तुकड्यालाही आणि रिकाम्या काडतुसालाही. प्रत्येक आवाज सुरुंगाचाच आहे असे समजून उकरावे लागते.

या कष्टांचे माप सांगणारा एक आकडा अमेरिकेतील ‘रँड’ या संशोधनसंस्थेच्या २००३ मधील अहवालात आहे. कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात सुरुंग काढणाऱ्यांनी जमिनीतून सुमारे २० कोटी वस्तू उकरून काढल्या. त्यांपैकी सुरुंग किंवा अन्य स्फोटके होती सुमारे ५ लाख, म्हणजे ०.३ टक्क्यांहूनही कमी. उरलेले सारे भंगार.

दोष यंत्राचा नाही. ते धातू ओळखते, स्फोटक ओळखत नाही. स्फोटकाचाच माग काढणारे काही सापडले, तर खिळे उकरण्यात जाणारी वर्षे वाचतील. श्वान, उंदीर, मधमाश्या, जिवाणू आणि रोपटी या सर्वांच्या मागे लागण्याचे कारण एवढेच आहे.

मातीत काय झिरपते

बहुतेक सुरुंगांत टीएनटी, म्हणजे ट्रायनायट्रोटोल्युइन, एकट्याने किंवा आरडीएक्ससारख्या दुसऱ्या स्फोटकाच्या जोडीने भरलेले असते. टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्या उष्णतेला फुटत नाही. त्यामुळे ते पातळ करून साच्यात ओतता येते. दारूगोळा कारखान्यांना ते शंभर वर्षे प्रिय राहिले ते यासाठी. ते तयार होताना त्यात त्याचा एक भाऊबंद, डायनायट्रोटोल्युइन ऊर्फ डीएनटी, अल्प प्रमाणात उरतो. टीएनटीची वाफ फारच कमी होते; डीएनटी त्या मानाने सहज उडते. सुरुंग हुंगणारा श्वान बहुधा या डीएनटीच्याच वासावर चालत असतो.

सुरुंगाचे कवच पूर्ण बंद नसते. सांध्यांतून, तड्यांतून आणि प्लॅस्टिकच्या अंगातूनही हे रेणू वर्षानुवर्षे बाहेर झिरपतात. पुढे काय होते ते मातीवर अवलंबून. कोरड्या मातीचे कण त्यांना घट्ट धरून ठेवतात. पाऊस पडला की पाणी त्या कणांवर जागा घेते आणि अडकलेले रेणू सुटून वर येतात. पहिल्या सरीनंतर मातीचा वास सुटतो तो प्रकार वेगळा असला, तरी ओल लागल्यावर जमीन आपल्या पोटातले काही सोडते हा अनुभव कोकणातल्या माणसाला नवा नाही. पाण्याबरोबर हे रेणू उतारावरून बाजूलाही सरकतात. मातीतले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्यांतून नायट्रोजनची साधी संयुगे तयार होतात.

म्हणजे जमिनीत सुरुंगाची एक धूसर रासायनिक सावली पडलेली असते. ती सुरुंगाच्या नेमकी वर असेलच असे नाही, रोज सारखी असेल असेही नाही. रोपट्याची मुळे या सावलीतच वाढतात. माती, पाणी आणि त्यात विरघळलेले सारे काही अहोरात्र शोषत राहणारे मुळांइतके चिवट साधन प्रयोगशाळेत बनवणे कठीण. कल्पनेचे बळ येथे आहे आणि ते खरे आहे.

लाल रंग कोठून आला

अरेसाने निवडलेले रोपटे म्हणजे ‘अरॅबिडॉप्सिस थॅलियाना’, मोहरीच्या कुळातले एक वीतभर उंचीचे तण. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते वनस्पतिविश्वातले प्रयोगशाळेचे उंदीर. संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ती पहिली वनस्पती; ते काम २००० मध्ये पूर्ण झाले. दीड-दोन महिन्यांत तिचे बी ते बी असे एक आयुष्य पुरे होते.

तिचा लाल रंग बाहेरून आणलेला नव्हता. कोकमाच्या आगळाला, जांभळाच्या सालीला आणि आंब्याच्या कोवळ्या पालवीला जो तांबडा-जांभळा रंग असतो, तो अँथोसायनिन या रंगद्रव्यांच्या गटाचा. अरॅबिडॉप्सिसही थंडी, दुष्काळ किंवा अन्य जाच झाला की हे द्रव्य बनवते आणि पाने तांबूस होतात. कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी नैसर्गिक उत्परिवर्तने आणि जनुकीय फेरफार यांच्या मेळातून असा वाण घडवला, की इतर कारणांनी लाल होण्याची वाट बंद व्हावी आणि स्फोटकांतून सुटणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगांचा मुळांना स्पर्श झाला तरच रंगाचे जनुक जागे व्हावे. बदललेले रोपटे रानात पसरू नये म्हणून ते वांझ ठेवण्यात आले होते. पुढे हाच प्रयोग तंबाखूच्या रोपावरही झाला. त्याचे पान मोठे, दुरून दिसणारे.

अडचण ‘नायट्रोजनची संयुगे’ या शब्दांतच दडलेली होती. नायट्रेट आणि नायट्राइट कोणत्याही जिवंत मातीत असतातच. शेणखतातून येतात, युरियातून येतात, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतून येतात, जिवाणूंच्या रोजच्या व्यवहारातून येतात. ज्या शेताला कधीकाळी भरपूर खत मिळाले, ते शेत सुरुंगाविनाच लाल दिसू शकते. आणि युद्धभूमीवर आणखी एक घोटाळा असतो. तेथे फुटलेल्या तोफगोळ्यांचे अवशेष सर्वत्र पसरलेले असतात. स्फोटक खरे, पण सुरुंग नाही.

शिवाय पेरायचे कसे? सुरुंग असलेल्या शेतात पाऊल टाकता येत नाही म्हणून तर हा खटाटोप. आधी नेहमीच्या पद्धतीने अरुंद वाटा मोकळ्या करून तेथून बी फेकावे किंवा विमानातून टाकावे, असे उपाय सुचवले गेले. परंतु दहा-पंधरा वर्षे माणसाचे पाऊल न पडलेल्या जमिनीवर झुडपांचे आणि गवताचे रान माजलेले असते. त्या गर्दीत हे नाजूक तण तग धरणार कसे? अंगोलाच्या कोरड्या माळावर, अफगाणिस्तानच्या दगडाळ उतारावर किंवा कंबोडियाच्या पावसात ते सारखेच उगवेल, अशी आशा धरणे म्हणजे शेतीचा अनुभव नसल्याची कबुली होय.

हिरवा रंग म्हणजे काय?

तरीही खोटा लाल रंग हा परवडणारा दोष आहे. तेथे खणायचे, काही निघाले नाही तर पुढे जायचे, नुकसान वेळेचे. उलट बाजूची चूक जीव घेते. रोपटे हिरवे राहिले आणि खाली सुरुंग निघाला तर?

रोपटे हिरवे राहण्याची कारणे अनेक असू शकतात. खाली सुरुंग नाही, हे त्यांतले एक. सुरुंगाचे कवच अजून धड आहे आणि काही झिरपलेच नाही, हे दुसरे. पाऊस न झाल्याने रेणू मातीला चिकटून राहिले, पाण्याने ते बाजूला वाहून नेले, मूळ तेवढे खोल गेलेच नाही, रोप आजारी पडले, किंवा त्या हातभर जागेत बी रुजलेच नाही, ही आणखी काही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ही सर्व कारणे एकाच हिरव्या रंगात दिसतात.

सुरुंग काढण्याच्या कामाची कसोटी ‘किती सापडले’ ही नाही. एके काळी जगात ११ कोटी सुरुंग पेरलेले आहेत असे सर्रास सांगितले जाई. आता जाणत्या संस्था सुरुंगांची संख्या मोजण्याच्या फंदात पडत नाहीत. त्या जमिनीचे क्षेत्रफळ मोजतात. संशयित जमीन किती आणि त्यातली किती निर्धोक ठरवून लोकांना परत दिली, हा त्यांचा हिशेब. अनुभव असा, की संशयित ठरलेल्या जमिनीच्या फार मोठ्या भागात सुरुंग नसतोच. तरीही ती पडीक राहते, कारण नाही हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या मानकात ९९.६ टक्के साफसफाईची अट होती. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ठरलेल्या क्षेत्रातून ठरलेल्या खोलीपर्यंतचे सर्व स्फोटक धोके काढले गेले पाहिजेत. काही देशांत जमीन परत देताना सुरुंग काढणारे पथक गावकऱ्यांसमोर स्वतः त्या शेतातून चालत जाते. यंत्राचा दाखला गावाला कळत नाही. चालणारी माणसे कळतात.

धातुशोधक यंत्र या कसोटीला का उतरते, हे येथे पाहण्याजोगे आहे. ते कटकटे आहे, खिळ्याला बोंबलते, पण काम सुरू करण्यापूर्वी ज्ञात नमुन्यावर धरून ते ठीक चालते की नाही, हे तपासता येते. त्याच्या मौनाला अर्थ असतो. हजारो रोपट्यांपैकी प्रत्येकाची अशी तपासणी करण्याची सोय नाही.

दुसरा प्रयत्न : टीएनटी ओळखणारे पान

अरेसाच्या रोपट्यातील पहिला दोष, म्हणजे खत आणि स्फोटक यांतला फरक न कळणे, दूर करण्याचा सर्वांत कल्पक प्रयत्न अमेरिकेच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात झाला. जून मेडफर्ड यांच्या गटाने तेथे केलेले काम २०११ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निसर्गात टीएनटी नव्हतेच, ते एकोणिसाव्या शतकात माणसाने बनवले. त्यामुळे त्याला ओळखणारे इंद्रिय कोणत्याही वनस्पतीला मिळालेले नाही. ते बाहेरून घडवावे लागणार होते.

ई. कोलाय या जिवाणूच्या अंगात रायबोज नावाची साखर पकडणारे एक प्रथिन असते. साखर आली की हे प्रथिन शिंपल्यासारखे मिटते. संगणकाच्या साहाय्याने त्या शिंपल्याच्या आतल्या पोकळीचा आकार असा बदलण्यात आला, की तीत साखरेऐवजी टीएनटीचा रेणू बसावा. हे प्रथिन रोपट्याच्या पेशीभित्तीच्या भागात सोडले. टीएनटी पकडून ते मिटले की पेशीच्या आवरणावर बसवलेल्या दुसऱ्या प्रथिनाला निरोप मिळतो. ते तिसऱ्याला कळवते. आणि तिसरे पेशीकेंद्रकात शिरून ठरलेली जनुके सुरू करते. हा निरोप पोहोचवणारी यंत्रणाही जिवाणूंकडूनच उसनी घेतलेली.

निरोपाचा परिणाम रंग चढण्यात नसून रंग उतरण्यात होता. सुरू झालेली जनुके एकीकडे हरितद्रव्य बनवण्याचे काम अडवतात आणि दुसरीकडे असलेले हरितद्रव्य मोडून काढतात. पान पांढरे पडते. मूळ कारण दूर झाले की ते पुन्हा हिरवे होऊ शकते, ही या पद्धतीची जमेची बाजू. कल्पना होती ती विमानतळ, रेल्वे स्थानके अशा जागी कुंड्यांतून पहारेकरी रोपटी ठेवण्याची. अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा या कामामागे होता. सुरुंगांसाठीही तिचा विचार होऊ शकतो, हे उघड होते.

पण पांढरे पान तरी एकाच कारणाने पडते काय? लोह कमी पडले तरी पाने पिवळट-पांढरी होतात, हे भाजीचा वाफा सांभाळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय टीएनटी हे वनस्पतींना विषच आहे. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील नील ब्रूस आणि लिझ रायलॉट यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे कारण उलगडले. अरॅबिडॉप्सिसच्या पेशींतील एक उपयुक्त एन्झाइम टीएनटीला भेटले की त्याच्यापासून एक अस्थिर रूप तयार करते. ते प्राणवायूशी झगडून पेशीला घातक असे रेणू सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. त्या एन्झाइमचे जनुक निकामी केले, तर रोपटे टीएनटी असलेल्या मातीतही बरे वाढते. एवढे करूनही आणखी एक गाठ राहते. टीएनटी बहुतांशी मुळांतच अडकून पडते, पानापर्यंत फारसे चढत नाही. पाहणाऱ्याला मात्र पानच दिसते.

याच काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने जनुकांना हात न लावता दुसरी वाट धरली. त्यांनी पालकाच्या पानांत कार्बनच्या सूक्ष्म नळ्या भरल्या. मुळांनी पिक्रिक आम्लासारखे नायट्रो गटाचे रसायन शोषून पानापर्यंत आणले, की सुमारे दहा मिनिटांत या नळ्यांतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बदलतो आणि मीटरभर अंतरावर ठेवलेला स्वस्त छोट्या संगणकाचा कॅमेरा तो टिपतो. ‘नेचर मटेरियल्स’मध्ये २०१६ साली हे काम छापून आले आणि ‘पालक ई-मेल पाठवतो’ अशा मथळ्यांनी समाजमाध्यमांवर विनोदाचा विषयही झाले. पानोपानी नळ्या भराव्या लागणारे तंत्र सुरुंगांच्या शेतात कसे न्यायचे, हा विनोदाच्या पलीकडचा प्रश्न.

कामाला आले कोण

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शिमशोन बेल्किन यांच्या गटाने रोपट्याऐवजी जिवाणू निवडले. डीएनटीची वाफ लागली की चमकू लागणारे जिवाणू त्यांनी छोट्या चिकट मण्यांत बंद केले, ते सुरुंग पुरलेल्या चाचणी मैदानावर पसरले आणि २० मीटर अंतरावरून लेसरच्या साहाय्याने त्यांची चमक टिपली. हे २०१७ मधील काम. येथे रोपटे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही आणि तणांशी स्पर्धाही नाही. क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठातील संशोधकांनी साखरपाण्यात टीएनटीचा वास मिसळून मधमाश्यांना त्या वासामागे जाण्याची सवय लावली. हेही प्रयोगांच्याच हद्दीत राहिले.

जो प्राणी खरोखर कामाला लागला, तो आफ्रिकेतला थोरला उंदीर. बेल्जियममध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘अपोपो’ या संस्थेने टांझानियातील मोरोगोरो येथे गालांत पिशव्या असलेल्या या उंदरांना स्फोटकांचा वास ओळखायला शिकवले. मोझांबिक, अंगोला आणि कंबोडिया या देशांत त्यांनी प्रत्यक्ष शेते तपासली. उंदीर हलका, त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. खिळ्याशी त्याला कर्तव्य नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात पालथी घालतो, धातुशोधक यंत्राला तेथे चार दिवसही लागू शकतात. कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधील एका प्राणिसंस्थेने सुवर्णपदक दिले. २०२२ च्या जानेवारीत तो म्हातारपणाने वारला.

उंदीर यशस्वी का ठरला? त्याचे नाक रोपट्याच्या मुळांहून तीक्ष्ण आहे म्हणून, हे उत्तर अपुरे. प्रत्येक उंदराची परीक्षा घेता येते. पुरून ठेवलेले सुरुंग शोधून दाखवल्याशिवाय त्याला शेतात नेत नाहीत. मग दोरीने आखलेल्या पट्ट्यांतून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे कोणती जागा हुंगली आणि कोणती राहिली याची नोंद होते. तीच जागा दुसऱ्या उंदराकडून पुन्हा तपासून घेता येते. उंदीर जेथे थांबला नाही, त्या जागेविषयी काही म्हणता येते.

स्फोटक शोधण्याऐवजी पचवणारे गवत

रोपट्यांचा हा सारा खटाटोप वाया गेला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शोधण्यात जे जमले नाही, ते निवारण्यात जमू लागले आहे. यॉर्कच्या त्याच गटाने आरडीएक्सवर जगणाऱ्या मातीतल्या जिवाणूची जनुके ‘स्विचग्रास’ नावाच्या उंच अमेरिकी गवतात बसवली आणि टीएनटीचा जाच सोसण्यासाठी आणखी एका जिवाणूचे जनुक जोडले. न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या लष्करी तळावर आरडीएक्स मिसळलेल्या मातीत हे गवत तीन वर्षे वाढवण्यात आले. त्याने जमिनीतील आरडीएक्स शोषून पानांत त्याचे विघटन केले. वेग हेक्टरी वर्षाला सुमारे २७ किलो. हे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. तोफगोळ्यांच्या सरावाच्या मैदानांवरून आरडीएक्स भूजलात उतरते आणि विहिरी नासतात. त्या दुखण्यावर हा उपाय. येथे दहापैकी एक काडी मेली तरी कोणाचा पाय जात नाही. उरलेल्या नऊ आपले काम करतात. वनस्पतीच्या स्वभावाला मानवणारे काम हे.

जनुकीय बदल केलेले बी परक्या देशाच्या उघड्या रानात टाकण्याचा कायदेशीर प्रश्नही हलका नाही. भारताचे उदाहरण पुरे आहे. येथे जनुकीय बदल केलेल्या पिकांपैकी २००२ साली मान्यता मिळालेल्या बीटी कापसाखेरीज दुसरे कोणतेही व्यापारी लागवडीत आलेले नाही. अरॅबिडॉप्सिसच्याच कुळातल्या मोहरीचे ‘डीएमएच-११’ हे वाण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शिफारस मिळूनही न्यायालयात अडकले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल एकमेकांहून वेगळा आला. खाण्याच्या पिकाची ही गत, तर सीमेवर तण सोडण्याची परवानगी मागणाऱ्याला कोणत्या दारात उभे करतील?

आणि सीमेवर सुरुंग आहेतच. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवरील शेतांत मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरण्यात आले. सैन्य मागे फिरल्यावर ते काढण्याचे काम दीर्घकाळ चालले आणि त्यात जवानांनी जीव व हातपाय गमावले. काश्मीरच्या उतारांवर पाऊस आणि वितळणारे बर्फ सुरुंगांना जागेवरून हलवते, त्यामुळे नकाशावरची खूण आणि जमिनीतला सुरुंग यांची चुकामूक होते. स्फोटकाची रंगावरून ओळख पटवण्याचे तंत्र आपल्याकडे आहे. पुण्याच्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेने पोलिसांसाठी आणि सुरक्षा दलांसाठी बनवलेली स्फोटक-परीक्षण पेटी संशयित पदार्थाच्या कणावर रसायन टाकून काही मिनिटांत रंगातून उत्तर देते. पण तिला कण हातात आणून द्यावा लागतो. जमिनीखालचा कण आणणार कोण?

शेजारच्या श्रीलंकेत, जाफना द्वीपकल्पाच्या दाराशी असलेल्या मुहमलाईच्या रेताड पट्ट्यात, यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी सुरुंगांच्या ओळींवर ओळी पुरल्या होत्या. तेथे सुरुंग काढणाऱ्यांत स्थानिक तमीळ स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. धातूचे तुकडे इतके, की अनेक जागी यंत्राचा उपयोग होत नाही. म्हणून त्या गुडघ्यांवर बसून लांब दांड्याच्या दंताळ्याने वरची रेती थराथराने आपल्याकडे ओढतात, ठरलेली खोली गाठतात आणि हातभर पुढे सरकतात. ओढून झालेली जागा आणि ओढायची राहिलेली जागा यांच्यामध्ये रंगवलेली एक काठी आडवी ठेवलेली असते.